मॅकेन्झी टार्टन: सरकारी पलटणीच्या कापडावरच्या दोन रेषा घराण्याची ओळख कशा बनल्या?

शाळेच्या गणवेशातला चौकटीचा स्कर्ट, हिवाळ्यातला मफलर, विमानतळावर मिळणारा बिस्किटांचा डबा, हॉलिवूडच्या सिनेमातले घागऱ्यासारखं वस्त्र नेसलेले योद्धे. स्कॉटलंडचं टार्टन जगभर इतकं पसरलं आहे की चौकड्यांचं कोणतंही कापड दिसलं की त्याला टार्टन म्हटलं जातं. त्यासोबत एक गोष्टही हमखास सांगितली जाते: प्रत्येक स्कॉटिश घराण्याचं स्वतःचं टार्टन होतं, हजार वर्षांपूर्वी लढाईत आपला कोण आणि शत्रू कोण हे त्यावरूनच ओळखलं जायचं.

गोष्ट छान आहे, पण खरी नाही. खरं काय घडलं हे समजून घ्यायला मॅकेन्झी घराण्याचं टार्टन हे उत्तम उदाहरण आहे. या कापडाच्या इतिहासात एक बंडखोर सरदार आहे, त्यालाच माफी देणारं आणि पुढे त्याच्याकडून पलटण मिळवणारं राजघराणं आहे, आणि आपला विजयदुर्ग, अहमदनगरचा किल्ला व असईचं रणांगणही आहे.

टार्टन म्हणजे नेमकं काय?

टार्टन हे रंगीत पट्ट्यांचं विणलेलं कापड. छापील चौकड्यांना टार्टन म्हणता येत नाही असं नाही, पण मूळ कल्पना मागावरची आहे. उभ्या धाग्यांत, म्हणजे ताण्यात, रंगांचा जो क्रम असतो तोच क्रम आडव्या धाग्यांत, म्हणजे बाण्यात, वापरला जातो. दोन्ही एकमेकांना काटकोनात छेदतात आणि चौकटी तयार होतात.

रंगांच्या या क्रमाला ‘सेट’ म्हणतात. कोणता रंग किती धाग्यांचा, हे आकड्यांत लिहिलं की त्या टार्टनची कुंडली तयार होते. बहुतेक टार्टनमध्ये हा क्रम एका टोकापर्यंत जातो आणि आरशात दिसावं तसा उलटा फिरतो. त्यामुळे कापड कुठूनही पाहिलं तरी नक्षी तोलात दिसते.

विणकाम साधारणपणे ट्विल पद्धतीचं असतं. प्रत्येक आडवा धागा दोन उभ्या धाग्यांवरून आणि पुढच्या दोनांखालून जातो, आणि दर ओळीला एक धागा पुढे सरकतो. म्हणून जवळून पाहिलं तर कापडावर बारीक तिरक्या रेघा दिसतात. निळा धागा निळ्याला छेदतो तिथे शुद्ध निळा दिसतो. निळा हिरव्याला छेदतो तिथे दोन्ही रंगांच्या तिरक्या रेघा मिळून लांबून तिसराच रंग भासतो.

याचं गणित सोपं आहे. पाच रंगांचं टार्टन असेल तर पाच शुद्ध रंग आणि त्यांच्या जोड्यांचे दहा मिश्र रंग, अशा एकूण पंधरा छटा कापडावर दिसतात. सहावा रंग वाढवला की छटा एकवीस होतात. म्हणूनच चांगला विणकर रंग मोजकेच ठेवतो. रंग वाढले की नक्षी उठून दिसण्याऐवजी गढूळ होते.

मॅकेन्झी टार्टन कसं दिसतं?

मॅकेन्झी टार्टनमध्ये हेच पाच रंग आहेत: गर्द निळा, काळा, हिरवा, पांढरा आणि लाल. मोठे पट्टे निळ्या, काळ्या आणि हिरव्याचे. निळ्यावर बारीक काळ्या रेघा. हिरव्या पट्ट्याच्या मधोमध काळी किनार असलेली एक पांढरी रेष जाते, तर निळ्यात एक लाल रेष.

पांढरी आणि लाल रेष क्षणभर बाजूला ठेवली तर उरतं ते ‘ब्लॅक वॉच’ पलटणीचं कापड, ज्याला ‘गव्हर्न्मेंट टार्टन’ म्हणजे सरकारी टार्टन असंही नाव आहे. स्कॉटिश घराण्याच्या ‘परंपरागत’ कापडाचा पाया लष्करी गणवेशात कसा, याचं उत्तर अठराव्या शतकात आहे.

घराणं कोणतं?

‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकेन्झी हे ‘कॉइन्नेच’ या गेलिक नावावरून आलं, ज्याचं इंग्रजी रूप केनेथ. ‘क्लॅन’ हा शब्दही गेलिक ‘क्लान’वरून आला असून त्याचा अर्थ मुलंबाळं, वंश. पण क्लॅनमधले सगळे रक्ताचे नातलग नसत. सरदाराच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या शब्दावर लढायला जाणारी कुळंही त्यात येत.

मॅकेन्झींचं मूळ ठाणं स्कॉटलंडच्या वायव्येला, किनटेल भागात. कॅलेंडरांवर हमखास दिसणारा आयलन डोनन हा पाण्यातला किल्ला त्यांच्याच ताब्यात होता. पुढे ते पूर्वेकडे रॉस भागात पसरले आणि बाहेरच्या बेटांपैकी लुईस बेटही त्यांच्याकडे आलं. १६२३ मध्ये मुख्य शाखेला ‘अर्ल ऑफ सीफोर्थ’ हा किताब मिळाला. घराण्याचं चिन्ह धगधगता डोंगर, आणि लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ ‘मी उजळतो, जळत नाही’. आज घराण्याचं प्रमुखपद क्रोमार्टीच्या अर्लकडे आहे आणि त्यांचं ठिकाण म्हणजे स्ट्रॅथपेफरजवळचा कॅसल लिओड.

मग जुन्या काळी टार्टन नव्हतं का?

होतं, आणि खूप जुनं होतं. फॉल्कर्कजवळ रोमन नाण्यांनी भरलेल्या मडक्याच्या तोंडाशी कोंबलेला चौकटीच्या लोकरी कापडाचा तुकडा सापडला. तो इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला आहे. मात्र त्यात रंग दिलेलाच नाही, फक्त गडद आणि फिकट नैसर्गिक लोकर आहे. रंगीत टार्टनचा सर्वात जुना ज्ञात नमुना ग्लेन अफ्रिक इथल्या दलदलीत सापडला. तपासणीत तो साधारण १५०० ते १६०० या काळातला ठरला आणि २०२३ मध्ये डंडीच्या व्ही अँड ए संग्रहालयात लोकांसमोर मांडला गेला.

म्हणजे कापड जुनं, पण ‘हे कापड या आडनावाचं’ हे नातं नवं. मार्टिन मार्टिन या स्काय बेटावरच्या लेखकाने १७०३ मध्ये पश्चिमेकडच्या बेटांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच्या मते अंगावरच्या कापडावरून माणूस कोणत्या भागातला हे जाणकाराला ओळखता येई. कारण सरळ आहे. गावचा विणकर, परिसरातल्या वनस्पतींचे रंग आणि तिथली आवड यांतून त्या भागाची नक्षी ठरे. लुगड्याच्या काठावरून आणि पोतावरून ते कुठल्या मागावरचं हे जाणत्या बाईला कळावं, तसंच हे.

लढाईत ओळख पटायची ती टोपीला लावलेल्या खुणेवरून. १७४५-४६ च्या बंडात स्टुअर्ट राजघराण्याची बाजू घेणारे जॅकोबाइट टोपीवर पांढऱ्या फितीचं फूल लावत. त्या बंडावर डेव्हिड मोरिएने काढलेल्या प्रसिद्ध चित्रात एकेका योद्ध्याच्या अंगावर कोट, पायमोजे आणि किल्ट अशी वेगवेगळी टार्टन दिसतात. एका घराण्याला एकच नक्षी असती तर असं दिसलं नसतं.

बंदी, आणि तिची पळवाट

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचा पराभव झाला. त्यानंतर ब्रिटिश संसदेने हायलँड म्हणजे डोंगराळ भागाची लढाऊ घडी मोडायला सुरुवात केली. त्यातला एक कायदा पोशाखाचा होता. १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमधल्या पुरुषांना आणि मुलांना हायलँडचा पोशाख करायला बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग. दुसऱ्यांदा सापडलं तर सात वर्षं समुद्रापारच्या वसाहतीत रवानगी.

समाजमाध्यमांवर याबद्दल बरंच अर्धवट फिरतं. ही बंदी स्त्रियांना लागू नव्हती. कायद्यात बॅगपाइपचं नावही नव्हतं. आणि सर्वात महत्त्वाची सूट होती ती ब्रिटिश सैन्यातल्या शिपायांना. घरी किल्ट घातला तर तुरुंग, पण राजाच्या पलटणीत भरती झालात तर तोच पोशाख सरकारी खर्चाने मिळणार.

हायलँडवर नजर ठेवण्यासाठी १७२५ पासून तिथल्याच माणसांच्या स्वतंत्र तुकड्या उभ्या केल्या होत्या. १७३९ मध्ये त्यांची एक पलटण झाली, तीच पुढे ब्लॅक वॉच म्हणून प्रसिद्ध झाली. तिचं निळं-काळं-हिरवं कापड मोठ्या प्रमाणावर, एकाच मापाने विणलं जाऊ लागलं. बंदीच्या ३५ वर्षांत पुरुषांच्या अंगावर कायदेशीरपणे दिसणारं टार्टन मुख्यतः हेच होतं. १७८२ मध्ये बंदी उठली तेव्हा एक पिढी सरून गेली होती.

दोन रेषा कुठून आल्या?

नव्या हायलँड पलटणी उभ्या राहू लागल्या तशी एक अडचण आली. कापड सगळ्यांचं एकच, मग वेगळेपण दाखवायचं कसं? उपाय स्वस्त होता: मूळ सरकारी टार्टन तेच ठेवायचं आणि त्यात एखादी ठळक रेष घालायची. १७९३ मध्ये गॉर्डनच्या ड्यूकने पलटण उभारायला घेतली तेव्हा हंटली गावच्या विल्यम फोर्साइथ या विणकाम व्यावसायिकाने त्याला पिवळ्या रेषेचे तीन नमुने पाठवले: एक रेष, दोन रेषा, तीन रेषा. ड्यूकने एक रेष पसंत केली. आजचं गॉर्डन टार्टन ते हेच.

मॅकेन्झींच्या पलटणींसाठी पांढरी आणि लाल रेष घातली गेली. त्यामागची माणसं पाहिली की या दोन रेषांचं मोल कळतं.

पहिला जॉन मॅकेन्झी, म्हणजे लॉर्ड मॅक्लिऑड. १७४५ च्या बंडात तो आणि त्याचे वडील, क्रोमार्टीचे अर्ल, जॅकोबाइटांच्या बाजूने उतरले. वडिलांना मृत्युदंड ठोठावला गेला, मग माफी मिळाली, पण जहागीर गेली. मुलालाही माफी मिळाली. तो स्वीडनच्या सैन्यात चाकरी करत राहिला. १७७७ मध्ये परतून त्याने त्याच ब्रिटिश राजघराण्यासाठी पलटण उभारली. तिला ७३ वा क्रमांक मिळाला, तो नंतर ७१ झाला. ही पलटण भारतात हैदर अलीविरुद्ध लढली. १७८४ मध्ये घराण्याची जहागीर परत मिळाली.

दुसरा केनेथ मॅकेन्झी, सीफोर्थचा अर्ल. त्याने १७७८ मध्ये पलटण उभारली. त्याच वर्षी एडिनबरामध्ये तिच्या शिपायांनी बंड केलं. आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकलं जाणार आणि भारतात पाठवलं जाणार, अशी बातमी त्यांच्या कानावर आली होती. पगारही थकला होता. ते शहराजवळच्या आर्थर्स सीट या टेकडीवर ठाण मांडून बसले. थकबाकी आणि माफी मिळाल्यावर खाली उतरले. १७८१ मध्ये पलटण भारताकडे निघालीच. लांबच्या प्रवासात स्कर्व्ही रोगाने दोनशेहून अधिक शिपाई दगावले. खुद्द केनेथही वाटेतच वारला.

विजयदुर्ग ते असई

केनेथनंतर पलटण आणि घराण्याचं प्रमुखपद त्याच्या नात्यातल्या थॉमस फ्रेडरिक मॅकेन्झी हंबरस्टनकडे आलं. एप्रिल १७८३ मध्ये तो मुंबईहून ‘रेंजर’ या कंपनीच्या जहाजाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सैन्याकडे निघाला होता. सालबाईचा तह होऊन गेला होता, तरी कोकण किनाऱ्याजवळ आनंदराव धुळपांच्या मराठी आरमाराशी या जहाजाची गाठ पडली. तुंबळ लढाईनंतर जहाज मराठ्यांच्या हाती आलं आणि विजयदुर्गाला नेण्यात आलं. इंग्रजी कागदपत्रांत या ठिकाणाचं नाव ‘घेरिया’ असं येतं. जबर जखमी झालेला मॅकेन्झींचा हा तरुण प्रमुख तिथेच, त्याच महिन्यात मरण पावला.

त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेन्झी वारस झाला. बालपणी आजारात त्याची ऐकण्याची शक्ती गेली होती. तरीही १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटताच त्याने नवी पलटण उभारली, ७८ वी हायलँडर्स, म्हणजेच ‘रॉस-शायर बफ्स’. पांढऱ्या-लाल रेषेचं टार्टन हाच तिचा गणवेश.

ही पलटण १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेत होती. ऑगस्टमध्ये अहमदनगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावून चढणाऱ्यांत ७८ वीचे शिपाई होते. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजांशी लढाई झाली. ७८ वी आणि ७४ वी या दोन्ही स्कॉटिश पलटणी तिथे होत्या आणि ७४ वीची जवळजवळ राखरांगोळी झाली. या लढाईबद्दल त्यांना हत्ती आणि ‘असई’ हे नाव असलेलं सन्मानचिन्ह मिळालं. १८८१ मध्ये पलटणींची फेररचना झाली. ७२ वी आणि ७८ वी मिळून ‘सीफोर्थ हायलँडर्स’ झाली, ७१ वी आणि ७४ वी मिळून ‘हायलँड लाइट इन्फंट्री’. पहिलीचे किल्ट आणि दुसरीच्या विजारी, दोन्ही मॅकेन्झी टार्टनच्या. म्हणजे असईचा हत्ती मिरवणाऱ्या दोन्ही स्कॉटिश पलटणींच्या वारसांच्या अंगावर अखेर हीच नक्षी आली.

पलटणीचं कापड घराण्याचं कधी झालं?

इथे लंडनमधली ‘हायलँड सोसायटी’ चित्रात येते. १७७८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १८१५ मध्ये सगळ्या घराण्यांच्या प्रमुखांना पत्रं पाठवली: आपल्या घराण्याच्या टार्टनचा नमुना सही-शिक्क्यासह पाठवा. अनेक प्रमुखांना आपलं टार्टन कोणतं हेच ठाऊक नव्हतं. कुणी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, कुणी विणकऱ्यांकडून मागवून घेतलं.

मॅकेन्झींना हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण पलटणीचं कापड समोर होतं. फ्रान्सिस १८१५ मध्ये वारला. मुलगे त्याच्या आधीच गेले होते. वारसा मुलीकडे, मेरीकडे आला. तिच्या सही-शिक्क्याने १८१६ मध्ये हा नमुना सोसायटीकडे जमा झाला. पलटणीच्या पुरवठ्याचं कापड त्या दिवसापासून कागदोपत्री घराण्याचं झालं.

बाकीचं काम बाजाराने केलं. बॅनकबर्नची विल्सन ही पेढी सैन्याला टार्टन पुरवत असे. तिच्या १८१९ च्या नमुनावहीत कितीतरी टार्टनना क्रमांक होते, काहींना गावांची नावं. मागणी येईल तसं त्यांतल्या काहींना आडनावं चिकटत गेली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्या भेटीचा सोहळाच टार्टनचा केला, राजालाही किल्ट घालायला लावला. प्रत्येक उमरावाला ‘आपलं’ टार्टन हवं झालं. १८४२ मध्ये स्वतःला स्टुअर्ट राजवंशाचे म्हणवणाऱ्या दोन भावांनी ‘व्हेस्टियारियम स्कॉटिकम’ हे पुस्तक काढलं. जुन्या हस्तलिखितावर आधारलेलं म्हणून ते गाजलं, पण ते हस्तलिखित बनावट मानलं जातं. तरी त्यातली बरीच टार्टन आज अधिकृत म्हणून वापरात आहेत.

या झगमगाटाची दुसरी बाजूही याच भागात घडत होती. मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदार कुळांना जमिनीवरून उठवत होते. १७९२ हे वर्ष रॉस भागात ‘मेंढ्यांचं वर्ष’ म्हणून लक्षात राहिलं. लोकांनी मेंढ्यांचे कळप हाकलून लावायचा प्रयत्न केला आणि तो सैन्याने मोडून काढला. पुढच्याच वर्षी त्याच मुलखात ७८ वीची भरती सुरू झाली. हायलँडमधल्या अनेक घरांसाठी मुलगा पलटणीत देणं हा जमिनीचा पट्टा टिकवायचा मार्ग होता. पुढच्या दशकांत हजारो कुटुंबं कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे गेली. आज मॅकेन्झी टार्टन अभिमानाने नेसणारे बरेच लोक त्यांचेच वंशज आहेत.

हे टार्टन कोण घालू शकतं?

कुणीही. घराण्याचं टार्टन दुसऱ्याने घालू नये असा कायदा नाही. आडनाव, आजोळचं नाव, पलटण किंवा नुसती आवड, कोणतंही कारण चालतं. ठळक अपवाद बाल्मोरल टार्टनचा. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी केलेलं हे टार्टन राजघराण्यासाठी राखीव आहे. २००९ पासून स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवही आहे. तिथे शहरं, विद्यापीठं, कंपन्या, अगदी एखादं कुटुंबही नवं टार्टन नोंदवू शकतं.

दुकानात एकाच टार्टनपुढे ‘एन्शंट’, ‘मॉडर्न’, ‘वेदर्ड’ असे शब्द दिसतात. त्यांचा नक्षीच्या वयाशी संबंध नाही. ‘एन्शंट’ म्हणजे वनस्पतींच्या रंगांची आठवण देणाऱ्या फिकट छटा, ‘मॉडर्न’ म्हणजे रासायनिक रंगांच्या गडद छटा आणि ‘वेदर्ड’ म्हणजे ऊन-पावसात विटल्यासारख्या छटा. सेट तिन्हींत एकच.

मग हे सगळं खोटंच म्हणायचं का?

इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ मध्ये हायलँडच्या या परंपरेला ‘रचलेली परंपरा’ ठरवलं आणि स्कॉटलंडमध्ये वाद पेटला. हजार वर्षांचा दावा टिकत नाही, हे खरं. पण मॅकेन्झी टार्टनला आता दोनशेहून अधिक वर्षं झाली आहेत आणि त्या काळात या कापडात माणसं जगली, लढली, मेली. परंपरेची सुरुवात नोंदलेली असली म्हणून ती कमी खरी होत नाही.

सीफोर्थ हायलँडर्स १९६१ मध्ये दुसऱ्या पलटणीत विलीन झाली. २००६ मध्ये स्कॉटिश पायदळाच्या नियमित पलटणी (राजाचे गार्ड सोडून) मिळून ‘रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड’ झाली. तिचा किल्ट पुन्हा त्याच निळ्या-काळ्या-हिरव्या सरकारी टार्टनचा आहे, पांढऱ्या आणि लाल रेषेशिवाय. सैन्याने दिलेल्या त्या दोन रेषा मॅकेन्झी घराण्याकडे आणि त्यांचं नाव चालवणाऱ्यांकडे मात्र आजही आहेत.